खोल पाण्यातल्या माशाचा फोटो छापण्याआधी

संपादक महोदय,
स. न.

पावसाळी बंदी उठून बोटी बाहेर पडल्या की कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या बंदरावरून ‘खोल समुद्रातला राक्षसी मासा’ सापडल्याची बातमी येते. हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण; बंदर बदलतं, मजकूर तोच राहतो. डोळे खोबणीतून बाहेर, तोंडातून गुलाबी फुगा लोंबतोय, भोवती बघ्यांची गर्दी. अशा बातम्या छापू नयेत असं आमचं म्हणणं नाही. पण त्यात मासा कुठल्या पाण्यातला, हे जवळजवळ कधीच नसतं, आणि फोटोत दिसतो तो आकार त्या माशाचा नसून त्याला वर ओढताना झालेल्या मोडतोडीचा असतो. त्याबद्दल थोडं लिहितो.

आधी सोपी प्रकरणं. बरेचदा हा ‘राक्षस’ म्हणजे केंड असतो. तो उथळ पाण्यातला. घाबरला की पाणी गिळून फुगतो, बाहेर काढला तर हवा गिळून. जाळी फाडतो म्हणून मच्छीमारांना तो चांगला ठाऊक असतो, वार्ताहरांनाच नवल वाटतं. दुसरं प्रकरण तांबोशी किंवा हेकरूचं. हेही मासे खोल समुद्रातले नव्हेत. तीस-पस्तीस वाव, म्हणजे साठेक मीटर पाण्यातून गळाला लागून झटकन वर आले की त्यांच्या तोंडातून जो फुगा बाहेर येतो तो जीभ नव्हे, उलटं झालेलं पोट असतं. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. घोळीची ‘बोत’ म्हणून सोन्याच्या भावाने विकली जाते तीच. पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो. साठ मीटरवर तो पृष्ठभागाच्या सातपट. म्हणजे तिथे पिशवीत वाटीभर हवा असेल तर वर येईपर्यंत ती सात वाट्या होऊ पाहते. तांबोशीच्या पिशवीला बाहेर पडायला वाट नसते, हवा रक्तात परत मुरायला काही तास लागतात. मग पिशवी फाटते, पोट तोंडातून ढकललं जातं आणि डोळे बाहेर येतात.

हौशी गळवाल्यांसाठी एक सूचना. सोडून द्यायचा मासा असा फुगला असेल तर तोंडातला फुगा टोचू नये. ते पोट आहे, टोचलं की मासा मेला. वजन बांधून त्याला पुन्हा खाली नेऊन सोडणं सर्वांत बरं. हवा आपोआप आकसते. ते जमत नसेल तर छातीच्या पराच्या टोकामागे, खवल्याच्या खालून, पोकळ सुई तिरकी घालून हवा सोडतात. पण त्यासाठी हात सरावाचा लागतो.

आता खरा खोल समुद्र. कोकणासमोरचा भूखंडमंच म्हणजे किनाऱ्याला लागून असलेलं उथळ पठार. मुंबईसमोर ते तीनशे किलोमीटरच्या आसपास रुंद आहे, दक्षिणेकडे निमुळतं होत जातं. त्याची कड साधारण शंभर वावांवर, म्हणजे १८० मीटरच्या आसपास. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला आंग्रिया बँक हा पाण्याखालचा उंचवटा आहे, तिच्या माथ्यावर वीसेक मीटरच पाणी. तिच्या पलीकडे मात्र तळ भराभर घसरतो. आपले बहुतेक ट्रॉलर या कडेच्या आतच काम करतात. म्हणून बंदरावर आलेला मासा हजार मीटरवरचा असण्याची शक्यता मुळातच कमी असते.

हजार मीटरवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण शंभर किलो भार पडतो. मासा चिरडत कसा नाही, हा प्रश्न शाळेतली मुलं नेहमी विचारतात. उत्तर असं की त्याच्या अंगात पाणीच पाणी आहे, आणि पाणी दाबलं जात नाही म्हटलं तरी चालेल; अकरा किलोमीटर खोलीवरही ते जेमतेम चार-पाच टक्के आकसतं. आतला आणि बाहेरचा दाब सारखा, त्यामुळे चिरडण्याचा प्रश्न येत नाही. अडचण येते ती हवेची आणि त्याहून मोठी रेणूंची. हवेचं उत्तर सोपं: अनेक खोल माशांनी पिशवी टाकून दिली आहे, काहींनी ती चरबीने भरली आहे. रेणूंचं उत्तर अवघड. दाबाने पेशीच्या पडद्यातली स्निग्ध द्रव्यं घट्ट होतात, थंडीत तूप थिजतं तशी. शिवाय तिथलं पाणीही थंडगार, अगदी तळाशी दोन-तीन अंशांचं. म्हणून खोल माशांच्या पडद्यांत तेलासारखी, न थिजणारी मेदाम्लं जास्त असतात. प्रथिनांचं आणखी वेगळंच. दाबामुळे पाण्याचे रेणू त्यांच्या घड्यांमध्ये घुसतात आणि प्रथिनांचा आकार बिघडतो. त्यावरचा उपाय म्हणजे ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड हा पदार्थ. तो भोवतालच्या पाण्याला धरून ठेवतो आणि प्रथिनं शाबूत राहतात.

हा पदार्थ कोकणातल्या प्रत्येक घराच्या परिचयाचा आहे, फक्त नावाने नाही. मासा मेल्यावर जीवाणू त्याचं ट्रायमिथाइल अमाइन करतात, तोच शिळ्या माशाचा वास. कोकमाचं आगळ किंवा लिंबू लावलं की आम्लामुळे त्याचा क्षार बनतो, तो हवेत उडत नाही आणि वास दबतो. गोड्या पाण्यातल्या माशांत हा पदार्थ नगण्य असतो. उथळ समुद्रातल्या माशाच्या स्नायूत किलोमागे ४०-५० मिलिमोल (रेणूंची संख्या मोजायचं एकक), तर सात हजार मीटरवर पकडलेल्या स्नेलफिश नावाच्या लिबलिबीत माशामध्ये ३८६ मिलिमोल मोजला गेला आहे. जितकं खोल, तितका जास्त. पण याला एक मर्यादा आहे. साधारण ८,२०० मीटरवर माशाच्या अंगातल्या विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण समुद्राच्या पाण्याइतकं होतं. त्याच्याही खाली जायचं तर अंग समुद्रापेक्षा ‘खारट’ होणार, पाणी आत घुसत राहणार आणि मूत्रपिंडांना ते उपसत बसावं लागणार. हा हिशेब २०१४ मध्ये मांडला गेला. २०२२ मध्ये जपानजवळच्या इझू-ओगासावारा गर्तेत, म्हणजे समुद्रतळावरच्या अरुंद खोल दरीत, कॅमेऱ्याने टिपलेला सर्वांत खोलवरचा मासा ८,३३६ मीटरवर होता. हिशेब इतका जुळल्यावर, २३ जानेवारी १९६० रोजी त्रिएस्ते पाणबुडीतून मारियाना गर्तेच्या तळाशी, जवळजवळ अकरा हजार मीटरवर, लेप्यासारखा चपटा मासा दिसल्याचं जे सांगितलं गेलं ते बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. तरी ते अधूनमधून छापून येतंच.

मुशीचं, म्हणजे शार्कचं, गणित याहून निराळं. मुशी अंगात युरिया साठवते, म्हणून नीट बर्फात न ठेवलेल्या मुशीला अमोनियाचा भपकारा येतो. खोलवरच्या मुश्या युरिया कमी करून ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड वाढवतात, पण त्यांची मजल लवकर संपते. तीन-साडेतीन हजार मीटरच्या खाली त्या वर्गातले मासे जवळजवळ सापडतच नाहीत.

खोल माशाचं मांस कसं असतं हे बघायचं असेल तर बोंबील हातात घ्यावा. तो उथळ पाण्यातला आहे, पण ज्या गणात तो येतो त्याच गणात समुद्रतळावर लांबलचक परांच्या तिकाटण्यावर उभा राहणारा ट्रायपॉड फिशही येतो. किलोभर ओल्या बोंबलात साडेआठशे-नऊशे ग्रॅम पाणी. वलांडीवर वाळवल्यावर काय उरतं ते सगळ्यांना माहीत आहे. खोल समुद्रात वरून झिरपणारं अन्न इतकं तुटपुंजं की पिळदार स्नायू आणि जड हाडं परवडत नाहीत. त्यापेक्षा पाण्याने भरलेलं लिबलिबीत मांस स्वस्त, आणि ते तरंगायलाही मदत करतं. गर्तेतल्या स्नेलफिशची तर कवटीसुद्धा पूर्ण मिटलेली नसते. हाडं घट्ट करणाऱ्या एका जनुकात बिघाड झालेला आढळला आहे. असं शरीर पाण्यात व्यवस्थित असतं आणि फळीवर टाकलं की पसरतं. जगभर ‘सर्वांत कुरूप प्राणी’ म्हणून २०१३ मध्ये निवडलेल्या ब्लॉबफिशचा गाजलेला फोटो असाच, २००३ मध्ये न्यूझीलंडजवळ जाळ्यातून वर काढलेल्या, चेहरा ओघळलेल्या माशाचा. त्याच्या खोलीवर, सहाशे ते बाराशे मीटरवर, तो मोठ्या डोक्याचा एक साधा मासा दिसतो.

या सगळ्यापेक्षा आपल्या वाचकांना सांगण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती कधीच छापली जात नाही. दाब आणि थंडी जगातल्या बहुतेक खोल समुद्रांत सारखीच. अरबी समुद्राची खासियत ऑक्सिजनची. सुमारे दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत इथे जगातल्या सर्वांत जाड कमी-ऑक्सिजन पट्ट्यांपैकी एक पसरलेला आहे. पृष्ठभागावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, अमाप वाढतात, मेल्यावर खाली बसतात, कुजताना ऑक्सिजन संपवतात. उत्तरेकडे आशियाची जमीन असल्यामुळे ताजं पाणी तिकडून येत नाही. पट्ट्याच्या मध्यात ऑक्सिजन इतका कमी की जीवाणू त्याऐवजी नायट्रेटवर भागवतात. अशा पाण्यात दिवसभर कोण राहील? पाचेक सेंटिमीटरचे लँटर्न फिश राहतात, प्रचंड संख्येने. मंद चयापचय आणि थोडक्या हालचाली, एवढ्यावर ते दिवस काढतात, कारण त्यांना खाणारा कुपा त्या पाण्यात फार वेळ टिकत नाही. त्यांच्या पोटावर निळसर प्रकाशाच्या ठिपक्यांच्या ओळी असतात. वरून झिरपणाऱ्या उजेडाइतकाच उजेड त्या देतात, म्हणजे खालून पाहणाऱ्याला सावली दिसत नाही. संध्याकाळी हे सगळे वर येतात, पहाटे परत खाली. शंभर वावांबाहेर गेलेल्या बोटीच्या फिश फाइंडरवर तळाच्या कितीतरी वर, तिन्हीसांजेला वर सरकत जाणारा जाड पट्टा दिसतो तो यांचा. यांच्यातल्या अनेकांच्या इवल्या पिशव्यांतली हवा ध्वनी परत फेकते. त्याला तळ समजून जाळं टाकू नये.

पावसाळ्यात हे पाणी वर येतं. ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास कमी ऑक्सिजनचं थंड पाणी पठारावर चढतं, आणि तळाजवळची मासळी वर किंवा किनाऱ्याकडे सरकते. अनोळखी मासे जाळ्यात येण्याचा आणि बंदी उठण्याचा हंगाम एकच आहे. बातमी करायचीच तर ही करावी.

मासा खरंच अनोळखी असेल तर काय करावं? धुऊ नये, पोट फाडू नये. रंग काही मिनिटांत उडतात, म्हणून डाव्या बाजूचा फोटो लगेच, पर पसरून, शेजारी पट्टी ठेवून. जीपीएस, पाण्याची खोली, जाळं टाकल्याची आणि ओढल्याची वेळ लिहून ठेवावी. इथे एक फसगत होते: ट्रॉलचं तोंड वर येतानाही उघडंच असतं, त्यामुळे दोनशे वावांवर टाकलेल्या जाळ्यात तीस वावांवरचा मासा सापडू शकतो. खोली लिहिताना ‘जाळ्याची खोली’ असं लिहावं, ‘माशाची’ नव्हे. मग उजव्या बाजूचा वाटाण्याएवढा मांसाचा तुकडा दहापट ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदलावं. हा तुकडा फॉर्मलीनमध्ये टाकला तर त्यातला डीएनए वाया जातो, म्हणून तो आधी काढायचा. उरलेला मासा बाजारातल्या फॉर्मलीनचा एक भाग आणि समुद्राच्या पाण्याचे नऊ भाग अशा मिश्रणात. लिटरमागे चमचाभर टाकणखार घालावा, नाहीतर आम्लाने कानातले खडे विरघळतात; ढोम्याच्या डोक्यात सापडतात तेच खडे, त्यांच्या वलयांवरून वय कळतं. तळहाताहून मोठ्या माशाला उजव्या बाजूने पोटात चीर द्यावी, नाहीतर बाहेरून टिकून आतून कुजतो. हातमोजे घालून, उघड्यावर हे करावं, आणि विक्रीच्या मासळीजवळ ती बाटली अजिबात नेऊ नये. फॉर्मलीन नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत समुद्राच्या पाण्यासकट बर्फात. लिबलिबीत मासा उघड्या बर्फावर ठेवला तर वितळलेल्या गोड्या पाण्याने कातडी सुटते. गोठवणं शेवटचा पर्याय, कारण पाणीदार मांसात बर्फाचे स्फटिक होऊन सगळं फाटतं. रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, ओळख पटवून घ्यायला मासा तिथे नेता येईल.

आपल्या वार्ताहरांनी फोटोखाली एवढं जरी छापलं की मासा कुठे, किती वाव पाण्यात, कोणत्या जाळ्याला आणि कधी लागला, तरी त्या चौकटीचा पुढे अभ्यासाला उपयोग होईल. आणि फोटोतला मासा केंड निघाला तर त्याच्या यकृतात, गाभोळीत आणि कातडीत विष असू शकतं, तो खाऊ नये, ही ओळ ठळक टाइपात द्यावी.

आपले,
सागरी जीवशास्त्राचे काही शिक्षक
जि. रत्नागिरी