कळ्यांची राखण आणि डोंगरावरची वानरे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माघ सरून फाल्गुन लागला की म्हसरूळ, मखमलाबाद आणि पांडवलेणीच्या पायथ्याच्या वसाहतींतून दरवर्षी एकच तक्रार ऐकू येते : वानरांनी जास्वंद ओरबाडली, लांडोरींनी रोपे खुडली, पोपटांनी गुलाबाच्या कळ्या कुरतडून खाली टाकल्या. एके काळी गुलशनाबाद म्हणून ओळखल्या गेलेल्या या नाशिक शहरात, महापालिकेचा पुष्पोत्सव पाहून हौसेने रोपे घरी नेणाऱ्यांची ही चिडचिड मला समजते, कारण चामरलेणीच्या परिसरात राहून गेली बारा वर्षे मीही तीच करतो आहे. मात्र त्या चिडीपोटी जे उपाय सर्रास केले जातात, आणि ज्यांतला एक माझ्याच हातून घडला, त्यांविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

गेल्या वर्षी मी द्राक्षबागेवर पक्ष्यांसाठी अंथरतात तसली बारीक नायलॉनची जाळी गुलाबांवर नुसतीच पांघरली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्यात एक बुलबुल अडकलेला दिसला. पायाला धाग्याचे तीन वेढे बसले होते आणि तो जितका फडफडे तितका धागा आवळत जाई. नखे कापायच्या कात्रीने एकेक धागा तोडायला वीस मिनिटे लागली. पक्षी उडाला, पण एक पाय पोटाशी धरूनच. दोष जाळीचा नव्हता, ती सैल सोडणाऱ्या माझा होता. आता मी बांबूची चौकट करून तिच्यावर जाड धाग्याची, पक्ष्याला दुरून दिसेल अशी पांढरी जाळी खाटेच्या नवारीसारखी ताणतो, खालची कड विटांनी दाबतो आणि बहर ओसरला की ती काढून ठेवतो.

मिरची-लसणाचे पाणी फवारा, असा सल्ला प्रत्येक जण देतो. तो अर्धाच खरा आहे. खारीला आणि माकडाला मिरची झोंबते. पक्ष्यांना तिचा तिखटपणा जवळजवळ जाणवतच नाही, म्हणून तर पोपट मिरच्या मिटक्या मारत खातो, आणि फवारलेली कळीही तितक्याच निवांतपणे. शिवाय झाडावर पाणी मारले की फवारा धुऊन जातो, तो पुन्हा मारावा लागतो. लांडोरींपासून कोवळी रोपे वाचवायची तर ती वीतभर वाढेपर्यंत त्यांवर खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची टोपली पालथी घालणे पुरते. वानरांपुढे मात्र बागेतली कोणतीही हलकी जाळी टिकत नाही. मी जास्वंद आणि गुलाबाच्या कुंड्या ग्रीलच्या आत घेतल्या आणि बाहेर कण्हेर व सदाफुली लावली. त्यांना वानरांनी आजवर तोंड लावलेले नाही. (कण्हेर विषारी असते, तेव्हा लहान मुले किंवा गाईगुरे असलेल्या घरांनी तिचा मोह टाळावा.)

वानरे खाली का उतरतात, हा प्रश्न मात्र कुंपणाबाहेरचा आहे. हा प्राणी मूळचा पालाखाऊ, आणि त्याचे अनेक कप्प्यांचे जठर पाला आंबवून पचवण्यासाठीच घडलेले असते. याच दिवसांत काटेसावर, पळस, पांगारा फुलतात, कोवळी पालवी फुटते, म्हणजे डोंगर धड असेल तर तिथेही त्यांना खायला मिळते. पण पावसाळ्यात गवत चांगले यावे या समजुतीने कोणीतरी वणवा लावतो आणि उतारच्या उतार काळे पडतात. त्यातच, वानर म्हणजे मारुतीरायाचे रूप, या श्रद्धेने आपण शनिवारी डोंगरवाटेवर गाडी थांबवून केळी, फुटाणे, बिस्किटे वाटतो. अंजनेरी ही हनुमंताची जन्मभूमी मानली जाते, त्यामुळे नाशिककरांची ही भावना मी समजू शकतो; परंतु माणसाच्या हातून खायला शिकलेला कळप पुढे त्याच माणसाच्या गच्चीवर येतो, आणि शनिवारी ज्याला नमस्कार केला त्याच्यावर रविवारी सुतळी बॉम्ब फेकला जातो. माझ्या गल्लीत हे मी पाहिले आहे. वानर असो वा मोर, त्याला इजा करणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे, आणि विष घातलेले दाणे टाकणाऱ्यांनी तर आधी शेजारच्या मांजराचा आणि कुत्र्याचा विचार करावा.

राज्यातील पहिले संवर्धन राखीव क्षेत्र २००८ मध्ये आपल्याच नाशिकजवळच्या बोरगडला जाहीर झाले, हे लक्षात घेता आमच्या मागण्या फार मोठ्या नाहीत. वनविभागाने गवत वाळण्यापूर्वीच शहरालगतच्या टेकड्यांवर जाळरेषा (वणवा पुढे पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे) काढाव्यात आणि खाऊ घालण्यास मनाई करणारे फलक पायथ्याशी, प्रसादाच्या दुकानांसमोरच लावावेत. महापालिकेने तेथील उघड्या कचराकुंड्या झाकणाच्या कराव्यात. जखमी किंवा जाळीत अडकलेला प्राणी दिसल्यास नागरिकांनी स्वतः ओढाताण न करता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. मी कात्री घेऊन धावलो, तो बुलबुल होता म्हणून निभावले. वानर असते तर मलाच टाके पडले असते.

आपला,
एक बागप्रेमी वाचक
म्हसरूळ, नाशिक