आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: व्हिजिट मोजणं थांबवा, नर्सला तेच घर आणि पुरेसा वेळ द्या

आदरणीय आरोग्यमंत्री साहेब,

नमस्कार. मी घरोघरी जाऊन काम करणारी नर्स आहे. ड्रेसिंग, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बदलणं, इन्सुलिन, बीपी-शुगर बघणं आणि त्याच्या जोडीला असं बरंच काही जे लिहायला कुठल्याच रजिस्टरमध्ये रकाना नसतो. तुमच्याकडे निवेदनांचा ढीग येत असणार, पगाराची, भरतीची, बदल्यांची, आणि ती सगळी रास्तच आहेत, पण मला आज एकच गोष्ट मागायचीय आणि ती नीट समजावून सांगायचीय, म्हणून पत्र जरा लांबेल, तेवढं वाचा ही विनंती.

मी बोलतेय ते मोठ्या माणसांबद्दल. एकटे राहणारे म्हातारे, पॅरालिसिस होऊन अंथरुणाला खिळलेले, डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश झालेले, बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं जी आता स्वतः पन्नाशीला आलीत आणि त्यांना सांभाळणारे आईवडीलच थकलेत, वर्षानुवर्षं मानसिक आजाराच्या गोळ्या घेणारे. यातल्या बऱ्याच जणांना ओपीडीपर्यंत येता येत नाही, आणायला कोणी नसतं, आणि जो येत नाही तो कोणाच्या हिशोबातही येत नाही. लहान मुलांची आणि गरोदर बायकांची निदान यादी असते, तारखा असतात, एखादीची तारीख चुकली तर कोणीतरी चौकशीला जातं. या माणसांच्या चौकशीला कोणी जात नाही, ती एकदम कॅज्युअल्टीतच दिसतात आणि तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

एक उदाहरण देते. पॅरालिसिसचा पेशंट, एक बाजू पूर्ण गेलेली, बायको सगळं करते, अगदी मनापासून करते. कागदावर माझं काम काय तर बीपी बघायचं आणि कॅथेटर बदलायचा. मी पायातला मोजा काढला आणि टाच बघितली. गोऱ्या कातडीवर दाब पडला की लाल डाग दिसतो, बोटाने दाबून सोडलं आणि तिथे कातडी पांढरी होऊन परत लाल झाली तर अजून वेळ आहे, दाबूनही लाल ती लालच राहिली तर बेडसोरची, म्हणजे पडून राहिल्याने दाबामुळे होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी सुरू झाली असं समजायचं. पण सावळ्या किंवा काळ्या कातडीवर हा लालपणा नीट दिसतच नाही, तिथे हाताची मागची बाजू लावून बघावं लागतं, ही टाच दुसऱ्या टाचेपेक्षा गरम आहे का, कडक लागते का, की उलट पिचपिचीत झालीय. त्यांची टाच गरम होती आणि कडक होती, रंगावरून काहीच कळलं नसतं. त्यांना स्वतःला कळायचा प्रश्नच नव्हता, त्या बाजूला संवेदनाच नाही तर दुखणार कसं.

उपाय काय केला तर पोटरीखाली उशी अशी ठेवायची की टाच गादीला टेकणारच नाही, कूस कधी आणि कशी बदलायची ते बायकोला दाखवलं, चादर ओढून सरकवायचं नाही, उचलून सरकवायचं, कारण घासल्यानेही कातडी जाते. पैसे लागले नाहीत, औषध लागलं नाही. आणि हेच चुकलं असतं तर पुढचं मी सांगायला नको, टाचेला खड्डा, आत पू, हाडापर्यंत इन्फेक्शन, महिनोन्महिने ड्रेसिंग, कधी रक्तात इन्फेक्शन पसरून जिवावरच बेततं. मोजा काढायला, टाच बघायला आणि बायकोला शिकवायला जो वेळ लागला तो मात्र माझ्या त्या दिवसाच्या टार्गेटमध्ये कुठेच धरलेला नव्हता.

आता तुमचे अधिकारी सांगतील की यासाठी फॉर्म आहे की. आहे ना, ब्रेडन स्केल 1987 सालापासून आहे, संवेदना, ओलावा, हालचाल वगैरे सहा गोष्टींना मार्क द्यायचे, 6 ते 23 च्या मध्ये बेरीज येते, जितकी कमी तितका धोका जास्त. चांगलं साधन आहे, मी वापरते. पण चादर न उचलताही तो फॉर्म भरता येतो आणि पुढच्या घरी पळायची घाई असली की तो तसाच भरला जातो, हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि भरणाऱ्या पोरींना मी दोष देत नाही.

दुसरी गोष्ट पडण्याची. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की जगात दरवर्षी साधारण 6 लाख 84 हजार माणसं पडून मरतात आणि त्यात सगळ्यात जास्त प्रमाण साठीच्या पुढच्यांचं. पडणं म्हटलं की लोकांना वाटतं फरशी ओली होती, चप्पल घसरली. असतं तसंही, पण घरात बसून बघितलं की वेगळीच साखळी दिसते. एकटी राहणारी बाई, गुडघे गेलेले, संडास लांब, म्हणून ती पाणीच कमी पिते, म्हणजे उठायला नको. बीपीसाठी लघवीची गोळी चालू आहे आणि ती गोळी ती रात्री घेते कारण सगळ्या गोळ्या एकदम घ्यायची सवय. मग अंगातलं पाणी कमी, रात्री उठणं जास्त, अंधारात घाईने उभी राहिली की बीपी खाली येतं, चक्कर येते, आणि माकडहाड किंवा खुबा मोडतो. पाणी कमी प्यायल्याने लघवीचं इन्फेक्शन झालं तर म्हाताऱ्या माणसात ताप येईलच असं नाही, नुसती भ्रमिष्टासारखी बोलायला लागते आणि लोक म्हणतात वय झालं.

यात डॉक्टरची चूक नाही, गोळी बरोबरच दिलीय, दवाखान्यात खुर्चीवर बसवून बीपी घेतलं तेही नॉर्मल आलं. आधी झोपवून आणि मग उभं केल्यावर तीन मिनिटांच्या आत घेतलं असतं तर वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त घसरलेला दिसला असता, खालचा 10 ने घसरला तरी धरायचा. ही तपासणी कुठल्याही नर्सला येते. संडास किती लांब आहे, गोळ्यांच्या डब्यात एकच औषध दोन कंपन्यांच्या नावाने दोनदा चाललंय का, हे दवाखान्यात बसून कोणाला दिसणार? डॉक्टरांना फोन करून लघवीच्या गोळीची वेळ सकाळची करून घेतली, रात्री बिछान्याजवळ भांडं आणि दिवा ठेवायला सांगितला, एवढ्यावर खूप काही टळतं साहेब, पण जे टळलं ते कोणत्याच आकड्यात दिसत नाही ना, हीच आमची अडचण.

मानसिक आजार असलेल्यांबद्दल थोडक्यात लिहिते, खरं तर त्यांच्यावर वेगळं पत्र लिहायला हवं. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षं आधी जातात आणि त्यातले बरेच मृत्यू हृदयविकार, डायबिटीस, श्वसनाचे आजार अशा टाळता येण्यासारख्या शारीरिक दुखण्यांमुळे होतात. गोळ्यांनी वजन वाढतं, शुगर वाढते, आणि कोणी मोजत नाही कारण सगळ्यांचं लक्ष तो शांत आहे ना एवढ्यावर. क्लोझापिन ही मानसिक आजाराची गोळी घेणाऱ्याला बद्धकोष्ठता झाली तर ती जिवावर बेतू शकते, पण संडासला साफ होते का हे विचारणारं कोण असतं? तसंच बोलता न येणाऱ्या बौद्धिक अपंग माणसाचं. दात दुखतो म्हणून तो डोकं आपटतो, आणि सगळे म्हणतात याचं वागणंच असं आहे, झोपेची गोळी वाढवा. ज्या नर्सने त्याला चांगल्या दिवसात बघितलंय ती म्हणेल थांबा, हा असा कधी नसतो, तोंड उघडून बघू.

आणि माझा सगळा मुद्दा इथेच येतो. तीच नर्स हवी. घरोघरी जाऊन नर्सिंग करायचं म्हणजे मुख्यतः बदल ओळखायचा असतो, आणि आधी कसं होतं हे माहीतच नसेल तर बदल ओळखणार कसा? डिमेन्शिया हळूहळू महिन्या-वर्षांत वाढतो, पण एखादा माणूस काल बरा होता आणि आज एकदम गोंधळलाय, मधेच झोपतोय मधेच ओरडतोय, तर ते डिलिरियम, म्हणजे मागे इन्फेक्शन, औषधाचा परिणाम, पाणी कमी होणं, लघवी अडकणं असं काहीतरी तातडीचं आहे. कालचं माहीत असलेली नर्स हे दारातच ओळखते. पहिल्यांदाच आलेली नर्स कितीही हुशार असली तरी डिमेन्शिया म्हणून लिहून पुढे जाईल आणि त्यात तिला दोष देता येणार नाही.

छळाचंही तेच. साठीपुढच्या सहापैकी एकाला वर्षभरात घरीदारी कुठला ना कुठला त्रास दिला जातो, मारहाण, शिव्या, पैसे काढून घेणं, उपाशी ठेवणं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हे कोणी पहिल्या भेटीत सांगत नाही हो. दंडावरच्या वळाबद्दल विचारलं की आधी पडले म्हणतात, मग गप्प बसतात, आणि कधीतरी चौथ्या-पाचव्या भेटीत, सून किंवा मुलगा दुसऱ्या खोलीत असताना, हळूच बोलतात. दर वेळी नवीन चेहरा आला तर ते वाक्य कधीच बाहेर येणार नाही.

मी काही जगावेगळं मागत नाहीये. 1859 मध्ये इंग्लंडच्या लिव्हरपूलमधल्या विल्यम रॅथबोन नावाच्या व्यापाऱ्याने, आपल्या आजारी बायकोची शेवटपर्यंत सेवा करणाऱ्या मेरी रॉबिन्सन या नर्सलाच बायकोच्या मृत्यूनंतर गरिबांच्या घरी जाऊन सेवा करायला नेमलं, पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा सल्ला घेतला आणि मग शहराचे 18 भाग पाडून त्या त्या भागाला नर्स नेमली गेली. आपला भाग आणि आपली नर्स, कल्पना इतकी जुनी आहे. 1978 च्या प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या अल्मा-आटा जाहीरनाम्यात आरोग्यसेवा माणसाच्या राहत्या जागेच्या शक्य तितकी जवळ न्यायचं ठरलं. नेदरलँड्समध्ये 2006 साली योस द ब्लोक, जे स्वतः नर्स आहेत, त्यांनी ब्युर्टझोर्ग ही घरी जाऊन नर्सिंग करणारी संस्था सुरू केली, जास्तीत जास्त बारा नर्सची एक टीम, एका वस्तीची सगळी जबाबदारी त्यांची, कोणाकडे कधी जायचं आणि किती वेळ थांबायचं हे टीमच ठरवते. आधी तिथेही कामाचे तुकडे पाडलेले होते, अंघोळ घालणारी वेगळी, इंजेक्शन देणारी वेगळी, आणि पूर्ण माणूस कोणालाच दिसत नव्हता.

आमच्याकडे आज तेच चाललंय. टार्गेट व्हिजिटच्या संख्येवर, ॲपमध्ये घरी पोचल्याचा फोटो टाकायचा, मग माहिती भरायची, नेटवर्क नसेल तर पेशंटच्या दारात मोबाईल वर धरून उभं राहायचं. दर काही महिन्यांनी एरिया बदलतात. कंत्राटावरच्या पोरी टिकत नाहीत कारण टिकावं असं काही ठेवलेलंच नाही. पेशंट डिस्चार्ज होऊन घरी येतो आणि आम्हाला कळतं तेव्हा जखम वास मारायला लागलेली असते.

म्हणून साहेब, विनंती अशी. एका नर्सला एक ठरलेला भाग द्या आणि तो निदान काही वर्षं तरी बदलू नका. तिच्याकडे किती घरं द्यायची हे पेशंट किती अवघड आहेत त्यावरून ठरवा, चार अंथरुणातले पेशंट आणि चार फक्त शुगर तपासायचे पेशंट एकच धरू नका. हॉस्पिटलने डिस्चार्जच्या आधी त्या भागातल्या नर्सला फोन करायचाच असा नियम करा. आणि फोनवर एक डॉक्टर ठरलेला हवा जो नर्सचं ऐकून लगेच औषध बदलू शकेल, नाहीतर आम्ही बघतो, लिहितो आणि ते तसंच पडून राहतं. जिथे रात्री-अपरात्री किंवा दारुड्याच्या घरी जावं लागतं तिथे दोघींना पाठवा. सांभाळणाऱ्या माणसाची पण तपासणी आमच्या कामात धरा, त्याची पाठ गेली, त्याची झोप गेली की पेशंटचं काही खरं नसतं.

मोजायचंच असेल तर मोजा, माझी हरकत नाही. किती जणांना घरी असताना नवीन बेडसोर झाला, किती जण पडले, डिस्चार्जनंतर 30 दिवसांत किती जणांना परत भरती व्हावं लागलं, हे मोजा. फक्त एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. पहिल्या वर्षी हे आकडे वाढतील, कारण जी नर्स पायातला मोजा काढून बघते तिलाच बेडसोर सापडतो, आणि जिथे कोणी बघत नाही त्या भागाचा रिपोर्ट स्वच्छ येतो. तेव्हा वाढलेल्या आकड्यावरून नर्सला नोटीस काढायची नाही हे आदेशातच लिहा, नाहीतर दुसऱ्या वर्षापासून सगळे रिपोर्ट स्वच्छ यायला लागतील.

आपली,
घरोघरी जाणारी एक नर्स