रेल्वे परवान्यांतील गैरव्यवहार आणि एदुआर्ड लास्कर

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील जर्मनीच्या एकीकरणावरची लेखमाला मी आवडीने वाचतो. मात्र आतापर्यंतच्या भागांत सारे श्रेय चॅन्सेलर बिस्मार्क यांना मिळाले असून त्याच काळातील उदारमतवादी नेते एदुआर्ड लास्कर यांचा नामोल्लेखही आलेला नाही, याची खंत वाटून हे पत्र लिहीत आहे.

लास्कर यांचा जन्म १८२९ साली प्रशिया या जर्मन राज्याच्या पोझेन प्रांतातील यारोचिन येथे ज्यू कुटुंबात झाला. कायद्याच्या परीक्षा उत्तीर्ण होऊनही बर्लिनच्या न्यायालयात ते वर्षानुवर्षे कनिष्ठ पदावरच राहिले, कारण बाप्तिस्मा न घेतलेल्या ज्यूला न्यायखात्यात वर चढू दिले जात नसे. धर्म बदलून ही अडचण दूर करणारे तेव्हा अनेक होते. लास्कर यांनी तसे केले नाही. १८६५ मध्ये ते प्रशियाच्या विधिमंडळात निवडून आले आणि दोनच वर्षांनी नॅशनल लिबरल पक्षाच्या संस्थापकांत गणले गेले.

७ फेब्रुवारी १८७३ रोजी त्यांनी विधिमंडळात रेल्वेच्या परवान्यांतील गैरव्यवहार उघड केला. त्या काळी कंत्राटदाराला रोख रकमेऐवजी कंपनीचे शेअर दर्शनी किमतीला दिले जात. बाजारात त्यांना तेवढा भाव नसल्याने तो बांधकामाचा खर्च फुगवून आणि कामात कसर करून आपली भरपाई करून घेई. माझे वडील भुसावळला रुळांच्या गँगवर मुकादम होते. खडीचा चट्टा मोजण्याआधी ते त्याच्या मधोमध पहार खुपसून पाहत, कारण बाहेरून चौकोनी रचलेला चट्टा आतून पोकळ असू शकतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. लास्कर यांच्या भाषणाची हकीकत वाचताना मला ती पहार आठवली. बिस्मार्क यांच्या निकटचे अधिकारी हेरमान वागेनर यांचे नाव त्यांनी सभागृहात घेतले, आणि ज्यू कुटुंबात जन्मलेल्या स्ट्राउसबर्ग या बड्या रेल्वे कंत्राटदाराच्या या पद्धतीवर टीका करायलाही ते कचरले नाहीत. व्यापारमंत्री इट्झेनप्लिट्झ यांना त्याच वर्षी पद सोडावे लागले. त्यानंतर शेअर बाजार कोसळला, तेव्हा ज्यूद्वेष्ट्यांनी सगळा दोष ज्यू समाजावर ढकलला. या घोटाळ्याला वाचा फोडणारा माणूस स्वतः ज्यू होता, हे ते सोयीस्करपणे विसरले.

वकिलीत आयुष्य घालवलेल्या मला त्यांचे दुसरे कार्य अधिक मोलाचे वाटते. संपूर्ण दिवाणी कायदा साम्राज्याच्या अधिकारकक्षेत आणणारी १८७३ ची घटनादुरुस्ती त्यांचे पक्षसहकारी मिकेल आणि लास्कर यांच्या नावाने ओळखली जाते. १ जानेवारी १९०० पासून अमलात आलेली जर्मन दिवाणी संहिता तिच्यामुळेच शक्य झाली.

१८७८ च्या समाजवादीविरोधी कायद्याला त्यांनी मुदतीची अट घालून का होईना, पाठिंबा दिला, ही त्यांची चूक मी झाकणार नाही. पुढे मात्र त्यांनी बिस्मार्क यांच्या धोरणाची साथ सोडली आणि १८८० मध्ये पक्षही सोडला. जानेवारी १८८४ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने संमत केलेला शोकठराव बिस्मार्क यांनी राइशटागपुढे (जर्मन संसदेपुढे) न ठेवता परत पाठवला.

लेखमालेच्या पुढील भागात लास्कर यांना, निदान त्यांच्या ७ फेब्रुवारीच्या भाषणाला, जागा मिळावी, ही नम्र विनंती.

आपला,
एक निवृत्त वकील, भुसावळ