‘० ते १२ वर्षे’ छापलेली कार सीट पावणेचार वर्षांच्या उंच मुलीला पुरत नाही

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ० ते ३६ किलो गटाच्या कार सीटवरील वय-वजनाचा दिशाभूल करणारा तक्ता, ग्राहक सेवेने दिलेला धोकादायक सल्ला आणि पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून घेतलेली ही कार सीट सोळा महिन्यांत निरुपयोगी झाली आहे. ती मोडलेली नाही, पट्टा उसवलेला नाही, बक्कल नीट लागते. मुलगी तिच्यात मावत नाही, एवढीच तक्रार आहे आणि ती साधी नाही. खोक्यावर ‘० ते १२ वर्षे’ असे ठळक छापले आहे. त्याखाली ‘हार्नेस (म्हणजे मुलाला बांधणारे सीटचेच पट्टे) १८ किलोपर्यंत, साधारण ४ वर्षे’ अशा अर्थाचे आहे. मुलगी आज ३ वर्षे १० महिन्यांची आहे आणि वजन १६.८ किलो, म्हणजे आपल्या तक्त्याच्या दोन्ही रकान्यांत ती बसते. तिची उंची मात्र १०९ सें.मी. आहे आणि उंचीचा रकाना आपल्या तक्त्यात नाहीच.

मूळ मुद्दा मापाचा आहे, म्हणून आधी मापे देतो. मुलीला फरशीवर भिंतीला पाठ टेकवून बसवले, खांद्यावर जाड पुठ्ठ्याचे पुस्तक आडवे धरून भिंतीवर पेन्सिलने खूण केली आणि फरशीपासून खुणेपर्यंत मोजले. माप ३८ सें.मी. आले. आपल्या सीटमध्ये लहान बाळाची आतली गादी काढून टाकल्यावर, बैठकीपासून खांद्याचे पट्टे पाठीतून जिथे बाहेर येतात त्या सर्वांत वरच्या जागेपर्यंत ३६.५ सें.मी. भरतात. बैठकीचा फोम मुलीच्या वजनाने थोडा दबतो हे धरले, तरी पट्टे खांद्याच्या खालूनच येतात. तिला सीटमध्ये बसवून खांद्यामागे बोट सरकवले की ते आधी खांद्यावरून खाली उतरते आणि मग पट्ट्याच्या खाचेला लागते. हे बघायला कोणी तज्ज्ञ लागत नाही.

जाहिरातीत ‘१० टप्प्यांत वर सरकणारी हेडरेस्ट’ आहे आणि फोटोत ती पूर्ण वर उचललेली दिसते. प्रत्यक्षात हार्नेस लावलेला असताना ती सहाव्या टप्प्यावर अडते. वरचे चार टप्पे हार्नेस काढून, सीट बूस्टर म्हणून, म्हणजे मुलाला उंच बसवून गाडीचाच पट्टा लावण्यासाठी, वापरतानाच मिळतात. ही गोष्ट माहितीपुस्तिकेत आतल्या पानावर एका ओळीत आहे. विक्रीच्या पानावर ती नाही, खोक्यावरही नाही. खरेदीच्या आठवड्यात मुलीच्या खांद्याचे माप ३४.५ सें.मी. होते. म्हणजे त्या दिवशीच हार्नेसमध्ये फक्त २ सें.मी. वाढ शिल्लक होती आणि ती नऊ-दहा महिन्यांत संपली. ३६.५ हा एक आकडा पानावर असता, तर ही सीट घेतलीच नसती.

दोन ते चार या वयात मुले वर्षाला साधारण ७ ते ८ सें.मी. वाढतात, काही त्याहून जास्त. त्यातही कोणाचे पाय लांब असतात, कोणाचे धड. सारख्याच उंचीच्या दोन मुलांपैकी लांब पायांचे मूल एका सीटमध्ये आणखी वर्षभर बसते आणि लांब धडाचे त्याच सीटबाहेर जाते. पाय दुमडून बसावे लागले म्हणून सीट छोटी झाली असे पालकांना वाटते, पण पायांनी काही बिघडत नाही. सीट संपते ती खांद्याशी आणि डोक्याशी. त्यामुळे वय आणि वजन सांगून सीट विकणे म्हणजे छातीचे माप न घेता शर्ट विकण्यासारखे आहे. फरक इतकाच की शर्ट तोकडा पडला तर जीव जात नाही.

आता आपल्या ग्राहक सेवेची लेखी उत्तरे. पहिल्या ईमेलमध्ये लिहिले आहे, ‘वजन १८ किलोच्या आत असल्यास हार्नेस वापरत राहावा.’ दुसऱ्यात, ‘पट्टे खांद्यापेक्षा थोडे खालून आले तरी हरकत नाही.’ हे दुसरे उत्तर चुकीचे आहे आणि ते आपण लेखी मागे घ्यावे, अशी आमची पहिली मागणी आहे.

कारण असे. मूल पुढे तोंड करून बसलेले असते तेव्हा पट्टे खांद्याच्या पातळीवरून किंवा किंचित वरून यायला हवेत. ते खालून आले तर गाडी आदळल्यावर धड आधी पुढे जाते, पट्टा खांद्यावरून वळसा घेऊन ताणला जातो आणि खांदे खाली खेचतो. सगळा भार मणक्यावर उभा येतो आणि डोके अधिक पुढे फेकले जाते. मूल मागे तोंड करून बसलेले असेल तर नेमके उलटे: तिथे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा खालून हवेत, कारण समोरून धडक बसली की मूल पाठीवरून वर सरकते आणि खालचा पट्टा त्याला धरून ठेवतो. आपल्या प्रतिनिधीने मागे तोंड असतानाचा नियम पुढे तोंड असलेल्या मुलाला लावला असावा, असे वाटते. आपल्याच पुस्तिकेत दोन्ही बाजूंची चित्रे बरोबर आहेत. मग फोन आणि ईमेलवर बसणाऱ्या माणसांना ती दाखवलेली का नाहीत?

तिसरे उत्तर होते, ‘१५ किलो झाले आहेत, हार्नेस काढून बूस्टर म्हणून वापरा.’ कागदावर हे चुकीचे नाही. आर ४४ या बालसीटच्या जुन्या, वजनावर आधारलेल्या आंतरराष्ट्रीय मानकात गट २ ची, म्हणजे बूस्टर वापरायच्या गटाची, सुरुवात १५ किलोपासून होते. पण पावणेचार वर्षांचे मूल बूस्टरमध्ये किती वेळ सरळ बसते, याचा त्यात विचार नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर घाट चढेपर्यंत मूल झोपते, मान एका बाजूला पडते, कंबर पुढे घसरते आणि मांडीवरचा पट्टा पोटावर चढतो. या वयात ओटीपोटाच्या हाडाचे पुढचे टोक पुरेसे वाढलेले नसते, त्यामुळे घसरलेला पट्टा अडवायला तिथे काही नसते. धडक बसली तर तो मऊ पोटात रुततो. मूल झोपेतही पट्ट्याच्या जागी राहू लागेपर्यंत ते हार्नेसमध्येच असावे, आणि त्यासाठीच १८ किलोपर्यंतचा हार्नेस बघून पैसे मोजले होते. १८ किलो व्हायला अजून १.२ किलो बाकी आहेत.

‘१२ वर्षे’ या आकड्याकडेही पाहा. बूस्टर म्हणून हेडरेस्ट पूर्ण वर नेली की गाडीचा पट्टा अडकवायची खाच बैठकीपासून ४५ सें.मी.वर येते. सुमारे १३० सें.मी. उंचीच्या मुलाचा खांदा तिथे पोहोचतो. झपाट्याने वाढणारे मूल सातव्या-आठव्या वर्षी १३० सें.मी. होते. गाडीचा पट्टा बूस्टरशिवाय नीट बसायला साधारण १४५ ते १५० सें.मी. उंची लागते. म्हणजे ही सीट संपल्यावर पुढची तीन-चार वर्षे वेगळा बूस्टर घ्यावाच लागणार. ‘एकच सीट, पहिल्या दिवसापासून बाराव्या वर्षापर्यंत’ हे वाक्य उंच मुलासाठी खोटे आहे आणि सरासरी उंचीच्या मुलासाठीही शेवटपर्यंत खरे राहत नाही.

याहून गंभीर चूक तक्त्याच्या पहिल्या ओळीत आहे. ‘९ किलो झाल्यावर सीट पुढे वळवा.’ जुन्या आर ४४ नियमात ९ किलोपासून पुढे तोंड करण्याची मुभा आहे, वळवाच असा आदेश नाही. अंगाने भरलेले, उंच बाळ सहा-सात महिन्यांतच ९ किलोला पोहोचते. त्या वयात डोके शरीराच्या मानाने मोठे असते आणि मानेच्या मणक्यांचे बरेच भाग अजून कूर्चेचे असतात. मागे तोंड असेल तर धडकेचा जोर पूर्ण पाठ आणि डोके मिळून झेलतात, पुढे तोंड असेल तर एकटी मान. म्हणूनच २०१३ पासून लागू झालेल्या आर १२९ मानकात निवड वजनावर नाही, उंचीवर होते, आणि १५ महिन्यांच्या आत पुढे वळवायला परवानगीच नाही. सीटच्या ठरलेल्या वजन-उंचीच्या आत मागे तोंड करून बसवण्याची मर्यादा डोक्यावरून ठरते. डोक्याचा माथा सीटच्या कडेपेक्षा निदान अडीच सें.मी. खाली असेपर्यंत मूल मागे तोंड करून बसू शकते. युरोपीय संघात आर ४४ सीटची विक्री सप्टेंबर २०२४ पासून बंद झाली आहे. भारतात ती विकू नये असे आमचे म्हणणे नाही. पण जिचा नियम उंच बाळांवर अन्याय करतो, ती सीट विकताना दुप्पट स्पष्ट लिहायला हवे. आपण उलट नियमातली मुभा सल्ला म्हणून छापली आहे.

गाडीबद्दल. पानावर ‘सर्व गाड्यांना चालते’ असे आहे. मुंबईत पार्किंगच्या जागेमुळे अनेक घरांत छोटी हॅचबॅक गाडी असते आणि अनेक हॅचबॅकमध्ये मागच्या सीटची हेडरेस्ट पाठीतच घडवलेली असते, निघत नाही. आपल्या सीटची हेडरेस्ट आठव्या टप्प्याच्या वर नेली की ती गाडीच्या या उंचवट्यावर टेकते, अख्खी पाठ पुढे ढकलली जाते आणि सीटच्या व गाडीच्या पाठीमध्ये चार बोटे फट राहते. म्हणजे उंच मुलाला ज्या टप्प्यांची गरज आहे, नेमके तेच वापरता येत नाहीत. आयसोफिक्सचे, म्हणजे सीट गाडीच्या सांगाड्याला अडकवणारे, दोन्ही हूक लागले आणि हिरवी खूण दिसली, तरी ही फट जात नाही. ‘मागची हेडरेस्ट निघत असलेल्या गाड्यांसाठीच’ एवढे तरी लिहा. टॉप टेदर, म्हणजे सीटचा वरचा भाग मागे गाडीला बांधणारा पट्टा, लावायची जागा गाडीत आहे का, हेही विक्रीच्या पानावर विचारायला हवे. पुढे तोंड असताना डोके किती पुढे जाईल हे त्या एका पट्ट्यावर बरेच अवलंबून असते, आणि कित्येक घरांत तो सीटमागे तसाच लोंबत असतो.

पावसाळ्याबद्दल एकच. पट्टे धुवायचे नाहीत, ओल्या फडक्याने पुसायचे, हे पुस्तिकेत आहे. रेनकोट काढूनच मुलाला बांधावे, हे नाही. रेनकोटच्या जाडीमुळे पट्टा घट्ट वाटतो, पण तो अंगाला लागलेला नसतो. खांद्याशी पट्टा चिमटीत धरून पाहावा, घडी पकडता आली तर तो सैल आहे. जून ते सप्टेंबर हा शहरातला रोजचा प्रश्न आहे. लोणावळ्याला जाताना घातलेल्या स्वेटरचेही तेच.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. सीटची पूर्ण किंमत परत करावी, किंवा बैठकीपासून किमान ४२ सें.मी. उंचीपर्यंत हार्नेसचे पट्टे येतील अशी सीट, माप आमच्यासमोर घेऊन, बदलून द्यावी. ग्राहक सेवेचे दुसरे उत्तर लेखी मागे घ्यावे आणि ज्या इतर ग्राहकांना तेच उत्तर गेले असेल त्यांना दुरुस्ती कळवावी. खोक्यावर आणि विक्रीच्या पानावर तीन मापे सेंटिमीटरमध्ये छापावीत: मागे तोंड असताना बैठकीपासून सीटच्या वरच्या कडेपर्यंतची उंची, हार्नेसच्या सर्वांत वरच्या जागेची उंची आणि बूस्टरच्या खाचेची उंची. ही मापे आपल्या कारखान्यात आहेतच, छापायला वेगळा खर्च नाही. ‘९ किलोला वळवा’ ही ओळ काढावी.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला वेगळे कळवू. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालसीटशिवाय नेल्यास १,००० रुपये दंड आहे. पालक कायदा पाळायला सीट घेतात आणि खोक्यावरच्या आकड्यावर विसंबतात, म्हणून तो आकडा खरा असायला हवा.

पावती, आपले तिन्ही ईमेल, सीटवरील आर ४४ मान्यतेच्या नारिंगी लेबलचा फोटो आणि मापपट्टी लावून काढलेले चार फोटो सोबत जोडले आहेत. सीट स्वच्छ करून, आतली गादी आणि पुस्तिकेसह मूळ खोक्यात ठेवली आहे. आपला माणूस मोजायला येणार असेल तर शनिवारी सकाळी यावा. मुलगी घरी असते, तिच्या खांद्याचे मापही त्याने स्वतः घ्यावे.

आपले ग्राहक,
(सही)
मुलुंड (पूर्व), मुंबई