ओव्हरक्लॉकिंग तुम्ही केलं, मग वॉरंटी माझी का रद्द?

दिनांक: ९ जून २०२५
जळगाव

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: ट्युनिंग करून विकलेला कॉम्प्युटर तापणे, वारंवार बंद पडणे आणि वॉरंटी नाकारणे याबाबत

महोदय,

२० मार्चला तुमच्याकडून घेतलेल्या कॉम्प्युटरबद्दल ही माझी तिसरी तक्रार. आधीच्या दोन्ही फोनवर केल्या होत्या आणि त्यांचा तक्रार क्रमांक मला कुणी दिला नाही. म्हणून या वेळी सगळं लिहून देते.

बिल १,१८,००० रुपयांचं आहे. त्यात 'फॅक्टरी ट्युनिंग ५.० गिगाहर्ट्झ, टेस्टेड' अशी वेगळी ओळ आहे आणि तिचे जीएसटीसह ५,९०० रुपये तुम्ही घेतले आहेत. प्रोसेसर कोअर आय५-१२६००के. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं चालवणं, हे मला तेव्हा धड माहीतही नव्हतं. एक्स्पोर्ट, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची तयार फाइल काढणं, लवकर होईल असं तुमच्या माणसानं सांगितलं, म्हणून मी हो म्हटलं. आता ३० मेच्या ईमेलमध्ये तुम्ही लिहिता की ग्राहकाने प्रोसेसर ओव्हरक्लॉक केल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही. कॉम्प्युटरच्या खोक्यात तुमच्या टेस्टिंगचा सही-शिक्क्याचा कागद होता. त्यावर मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) ५०, व्होल्टेज १.४२ असं निळ्या पेनानं लिहिलेलं आहे आणि बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये, हेच आकडे होते. कागदाचा फोटो सोबत जोडला आहे.

आमचा लग्नाच्या व्हिडिओंचा व्यवसाय आहे. मिस्टर शूटिंग करतात, एडिटिंग मी करते. एप्रिल-मे हे आमचे वर्षाचे कमाईचे महिने. १८ एप्रिलच्या रात्री पहिल्या मोठ्या लग्नाचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला आणि ८३ टक्क्यांवर स्क्रीन निळी होऊन मशीन पुन्हा सुरू झालं. पुन्हा लावला, तर ४० टक्क्यांवर तेच. त्या आठवड्यात असं अकरा वेळा झालं. नवरीचे वडील पेन ड्राइव्ह न्यायला दोनदा येऊन रिकाम्या हाती परत गेले. शेवटी तो व्हिडिओ मी जुन्या मशीनवर सगळी रात्र जागून काढला.

पहिल्या फोनवर तुमचा टेक्निशियन म्हणाला, "मॅडम, जळगावचं ऊन आहे, खोलीत एसी लावा." दुसऱ्या फोनवर उत्तर मिळालं की १०० अंशांपर्यंत हा प्रोसेसर सुरक्षित असतो. ही दोन्ही उत्तरं मी खरी मानून तपासून पाहिली, त्यात माझे तीन रविवार गेले.

उन्हाचं आधी सांगते. आमच्या खोलीत दुपारी ३७ अंश असतं हे खरं. पण खोली तेरा अंशांनी थंड झाली तर प्रोसेसरही साधारण तेवढाच थंड व्हायला हवा, कारण कूलर उष्णता शेवटी खोलीच्या हवेतच सोडतो. मी मशीन उचलून दिरांच्या घरी नेलं, तिथं एसीत २४ अंश होतं. सिनेबेंच हा प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारा चाचणीचा प्रोग्रॅम लावला. आमच्याकडे तापमान नऊ सेकंदांत १०० गाठत होतं, तिथं चौदा सेकंदांत गाठलं. फरक एवढाच. बाहेरच्या उन्हाचा दोष असता तर असं झालं नसतं. उष्णता प्रोसेसरमधून निघून कूलरपर्यंत पोचतच नव्हती.

आणि १०० अंश ही या प्रोसेसरची शेवटची मर्यादा आहे, रोज काम करायचं तापमान नव्हे. तिथं पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी तो आपला वेग आपणच खाली आणतो. एचडब्ल्यूइन्फो या तापमान आणि वेग दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मला ते समोर दिसत होतं. ज्या ५.० गिगाहर्ट्झसाठी मी जादा पैसे मोजले, तो वेग काम सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटात ३.९ वर येत होता.

यानंतर मी बायोस मूळ सेटिंगवर आणलं. ओव्हरक्लॉकिंग पूर्ण काढलं, रॅमचा वेग वाढवणारं प्रोफाइलही बंद केलं. तरीही तापमान १०० आणि वेग ३.७. तुमच्या ईमेलला याहून सरळ उत्तर माझ्याकडे नाही. ओव्हरक्लॉकिंग नसतानाही मशीन तापत होतं. निळी स्क्रीन मात्र मूळ सेटिंगवर एकदाही आली नाही. तेव्हा मला कळलं की इथं दोन वेगळे बिघाड एकमेकांत गुंतले आहेत, तापण्याचा एक आणि बंद पडण्याचा दुसरा.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, मिस्टरांना व्हिडिओ घ्यायला लावून, मी कूलर उघडला. चारही स्क्रू पूर्ण आवळलेले होते, तरी कूलरचं तोंड हातानं किंचित हलत होतं. काढून पाहिलं तर थर्मल पेस्टचा (प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवणाऱ्या लेपाचा) दाबलेला ठसा मधोमध, अंगठ्याच्या नखाएवढाच. कडेला पेस्ट नळीतून निघाली तशी जाड, मऊ, न दबलेली. प्रोसेसरच्या झाकणाचे दोन कोपरे तर कोरडेच होते. कूलरच्या खोक्यात दोन पुड्या होत्या. एलजीए १७००, म्हणजे माझ्या प्रोसेसरच्या नव्या सॉकेटचं (प्रोसेसर बसतो त्या खाचेचं) नाव लिहिलेली पुडी सील न फोडलेली आणि एलजीए ११५एक्स/१२०० हे जुन्या सॉकेटचं नाव लिहिलेली रिकामी. म्हणजे तुमच्या माणसानं जुन्या सॉकेटचे स्टँडऑफ, म्हणजे कूलर ज्यांवर आवळतात ते छोटे खांब, लावले.

हे बसले कसे, असा प्रश्न तुम्हाला पडेल, मलाही पडला. नव्या सॉकेटच्या भोकांमधलं अंतर ७८ मिलिमीटर आणि जुन्याचं ७५, तेव्हा ते बसायलाच नकोत. पण तुम्ही दिलेल्या मदरबोर्डवर दोन्ही मापांची भोकं पाडलेली आहेत, जुने कूलर वापरता यावेत म्हणून. त्यामुळे स्क्रू बिनबोभाट लागले. मात्र नव्या सॉकेटमध्ये प्रोसेसर थोडा खाली बसतो. जुने स्टँडऑफ त्या उंचीचे नाहीत, म्हणून स्क्रू शेवटपर्यंत फिरले तरी दाब येत नाही. 'टेस्टेड' लिहिलेलं मशीन दहा मिनिटं जरी कुणी लोडवर, म्हणजे पूर्ण कामाला लावून, चालवून आकडे पाहिले असते, तरी हे लपलं नसतं. याचाच मला सर्वांत जास्त राग आहे.

सीलबंद पुडीतले स्टँडऑफ लावले, नवी पेस्ट घातली. मूळ सेटिंगवर, त्याच खोलीत, त्याच ३७ अंशांत, अर्धा तास सिनेबेंच चालवल्यावर तापमान ७६. नवा पंखा नाही, एसी नाही, कसलाही जादा खर्च नाही.

मग तुमचं ट्युनिंग पुन्हा लावून पाहिलं. तापमान ९६, वीज १९० वॅट आणि अर्ध्या तासात विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत व्हियाच्या (हार्डवेअरच्या चुका नोंदवणाऱ्या व्यवस्थेच्या) १९ क्रमांकाच्या दोन नोंदी, म्हणजे प्रोसेसरनं स्वतः चूक करून स्वतः दुरुस्त केल्याच्या. अशी चूक ज्या दिवशी दुरुस्त होत नाही, त्या दिवशी स्क्रीन निळी होते. रॅमचं प्रोफाइल चालू ठेवून रात्रभर मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी लावली होती, त्यात एकही चूक नाही. तेव्हा रॅमवर ढकलू नये ही विनंती.

कारण सेटिंगमध्येच आहे. व्होल्टेज १.४२ वर बांधून ठेवलेलं आणि लोड-लाइन कॅलिब्रेशन, म्हणजे कामाच्या वेळी व्होल्टेज घसरू न देणारी सेटिंग, सगळ्यांत खालच्या पायरीवर. मशीन नुसतं बसलेलं असताना १.४२ विनाकारण मिळतं आणि खरं काम सुरू झालं की ते १.३४ पर्यंत घसरतं. हा नग इतक्या तापमानात ५.० साठी त्या १.३४ वर टिकत नाही. एकाच मॉडेलचे दोन प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंगला सारखे निघत नाहीत, म्हणून तर प्रत्येक नग तपासून सेट करायचा असतो आणि त्याचेच ५,९०० रुपये मी दिले. शिवाय पॉवर लिमिट ४०९५ वॅटवर ठेवलेली, म्हणजे मर्यादा काढूनच टाकलेली. तुम्ही एकच तयार प्रोफाइल सगळ्या मशीनवर चढवता असं मला वाटतं. तसं नसेल तर माझ्या नगाच्या चाचणीची नोंद दाखवा.

मी वेग ०.१ नं उतरवत, प्रत्येक पायरीवर व्होल्टेज थोडं थोडं कमी करत गेले. ४.८ गिगाहर्ट्झ, लोडवर १.२४ व्होल्ट, १५६ वॅट, ८६ अंश. गेले आठ दिवस रोज एक्स्पोर्ट चालू आहेत, व्हियाची एकही नोंद नाही. ०.२ गिगाहर्ट्झ सोडले आणि वीज जवळपास पाचव्या हिश्शानं कमी झाली, कारण विजेचा खप वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ही गोष्ट तुमच्या ट्युनिंग करणाऱ्याला माझ्याआधी ठाऊक असायला हवी होती.

माझं म्हणणं असं आहे. वॉरंटी नाकारल्याचा ईमेल लेखी मागे घ्या. ट्युनिंगचे ५,९०० रुपये परत करा. दोन महिने हा प्रोसेसर १०० अंशांवर आणि नको तेवढ्या व्होल्टेजवर चालला, तेव्हा पुढे वॉरंटीच्या मुदतीत तो मूळ सेटिंगवर अस्थिर झाला तर तो तुमच्या खर्चानं बदलून द्याल, असं लेखी द्या. बुडालेल्या कामाची भरपाई मी या पत्रात मागत नाही, पण तो हक्क सोडतही नाही. आणि माझ्यासोबत त्या महिन्यात हाच मदरबोर्ड आणि हाच कूलर ज्यांना दिला असेल, त्यांना फोन करून स्टँडऑफ तपासायला सांगा. माझ्यासारखं कूलर उघडून बघणं प्रत्येकाला जमणार नाही.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तुमचं ऑफिस दुसऱ्या शहरात असलं तरी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मला माझ्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला फी लागत नाही.

जुने चार स्टँडऑफ पुडीत घालून, तारीख टाकून ठेवले आहेत. कूलर उघडतानाचा व्हिडिओ न कापता पेन ड्राइव्हवर आहे. तुमचा माणूस पाठवायचा असेल तर आदल्या दिवशी फोन करा. गुरुवारी दुपारी आम्ही शूटिंगला बाहेर असतो, बाकी कधीही चालेल.

कळावे,
आपली ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, टेस्टिंगच्या कागदाचा फोटो, पेस्टच्या ठशाचे तीन फोटो, एचडब्ल्यूइन्फोच्या नोंदी