बाबा, उलट तक्रार करायची नाही, मी वकीलबाईंना सांगून टाकलंय

ती. बाबा आणि आई,

फोनवर हे बोलणं होत नाही म्हणून लिहितेय. विषय काढला की बाबा नुसतं "हं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, आणि आई, तू लगेच भाजी कोणती केली ते सांगायला लागतेस. तेव्हा आई, चष्मा लाव आणि हे बाबांना मोठ्याने वाचून दाखव, मधलं गाळू नकोस, मला कळतं.

आधी निर्णय सांगून टाकते, नाहीतर मी चार पानं नुसती प्रस्तावनाच लिहीन. तुम्ही गाडीचं दार उघडताना जो सायकलवाला मुलगा पडला आणि ज्याने चौकीत तक्रार दिलीय, त्याच्याविरुद्ध आपण उलट तक्रार करायची नाही. वकीलबाईंना मी काल तसं कळवलंय. त्याच्या सायकलच्या चाकाचं बिल आपण भरायचं, त्याच्या हातात पैसे न देता थेट दुकानात, पावती घेऊन. आणि चौकीत द्यायला त्या एक अर्ज तयार करतायत, दोघांच्या सहीचा, की आपसात मिटलंय आणि कुणाची कुणाविरुद्ध तक्रार उरलेली नाही. चूक कुणाची हे त्यात कुठेही लिहिलेलं नाही, मी दोनदा वाचून घेतलाय.

आता चिडा. चिडून झालं की पुढचं वाचा.

बाबा, तुम्ही आरशात बघूनच दार उघडलं असणार याबद्दल मला शंका नाही. त्या मुलाने तोंड सोडलं, वयाचा विचार केला नाही, "म्हाताऱ्या, दिसत नाही का" म्हणाला, हेही खरंच. आणि त्याच्या मित्राने काढलेल्या व्हिडिओत नेमकं ते नाही, तुम्ही सायकलचं हँडल धरून ओरडताय तेवढंच आहे, कारण मोबाइल काढेपर्यंत निम्मं भांडण होऊन गेलेलं असतं. हे सगळं मला मान्य आहे. तरीही उलट तक्रार नको, आणि का नको ते नीट सांगते, कारण खालच्या मजल्यावरच्या काकांनी तुम्हाला "तुम्हीही एनसी ठोका, मग बघा कसा सरळ येतो" असं सांगितलंय हे मला आईकडून कळलंय (आईवर चिडू नका).

त्या मुलाने जी दिलीय ती एनसी आहे, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. कोपर खरचटलं आणि शिवीगाळ, एवढंच आहे त्यात. अशा तक्रारीत कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिसांना साधा तपासही करता येत नाही, तर वॉरंट नसताना अटक कुठून करणार. मग बोलावतात कशाला, तर दोघांना समोर बसवून समज द्यायला, आणि बहुतेक वेळा तिथेच संपतं. पण आपणही एनसी दिली की कागदावर चित्र बदलतं. दोन्ही बाजूंनी तक्रारी आल्या म्हणजे यांच्यात पुन्हा भांडण होऊ शकतं असं धरून दोघांवर चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्यासाठीची प्रतिबंधक कारवाई, टाकू शकतात. मग एसीपी, म्हणजे सहायक पोलीस आयुक्तांच्या ऑफिसला तारखा, शांतता राखीन असा बाँड, तो वर्षभराचाही असू शकतो. वकीलबाई म्हणाल्या की त्यांच्याकडे अशी माणसं येतात, दोघंही सभ्य, दोघंही तत्त्वाला चिकटलेले, आणि दोघंही त्या बाकावर तारखेची वाट बघत बसलेले. आपल्या घरात तत्त्वासाठी कुणी किती वर्षं तारखा केल्या हे मी लिहायला नको. अण्णाकाकांच्या वेळी घरात शेवटी काय उरलं ते तुम्हीच मला सांगितलं होतं.

आणि बाबा, सांगू का, ही पद्धत तुमचीच आहे. क्वार्टर्समध्ये असताना त्या मद्रासी काकूंच्या खिडकीची काच फुटली तेव्हा सगळ्यांनी माझं नाव घेतलं होतं. तुम्ही ओरडला नाहीत. सरकारी प्रेसमधून आलात, डबा ठेवला, मला समोर बसवलंत आणि म्हणालात, काय झालं ते क्रमाने सांग, आधीचं नंतर नाही आणि नंतरचं आधी नाही. आणि कालनिर्णयच्या पानामागे ते लिहून काढलंत, मी रडत होते तरी लिहीत होतात. मग म्हणालात, तू फोडलेली नाहीस हे मला पटलंय, आणि तरीही जाऊन काचेचे पैसे देऊन आलात, कारण रोज त्याच जिन्यातून जायचंय. मला तेव्हा इतका राग आला होता की दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नव्हते. आता तुम्ही माझ्याशी दोन दिवस बोलू नका, चालेल. गंगापूर रोडवरून रोज फिरायला तुम्हालाच जायचंय आणि ती सायकलवाली मुलंही रोज तिथूनच जाणार आहेत.

तशीही ती मुलं तुमची नावडती नाहीत. 2015 साली महाजन डॉक्टर बंधूंनी अमेरिका आडवी पार करायची ती रॅम सायकल शर्यत पुरी केली तेव्हा पेपरातली बातमी मला फोनवर अख्खी वाचून दाखवणारे तुम्हीच, नाशिकचं नाव केलं म्हणून.

आता चौकीचं. त्या दिवशी हवालदारांचा फोन आला आणि तुम्ही रात्रभर झोपला नाहीत, पहाटे उठून शर्टाला इस्त्री केलीत, पेन्शनची फाइल काढून ठेवलीत, हे आईने सांगितलं तेव्हा मला ऑफिसमध्ये बाहेर जाऊन उभं राहावं लागलं. पेन्शनच्या फाइलचं तिथे काय काम हो बाबा? आयुष्यभर गेटवर झडती देऊन एक कागद इकडचा तिकडे न केलेला माणूस, एका फोनने एवढा का घाबरावा. घाबरला नव्हता म्हणाल. बरं, नव्हता.

तर नीट ऐका. तुम्ही 71 वर्षांचे आहात आणि नव्या कायद्यात, म्हणजे 1 जुलै 2024 पासून जी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली तिच्या कलम 179 मध्ये, 60 वर्षांवरच्या माणसाला माहिती विचारायला घराबाहेर कुठे बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं. आधी ही अट 65 होती. स्वतःहून जायचं असेल तर जाता येतं, पण जायलाच पाहिजे असं नाही. आणि समजा उद्या हे वाढलंच, समजा हं, तरी तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीपुढच्या माणसाला डीवायएसपी, म्हणजे पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही, तेही त्याच कायद्यात आहे. रात्री छातीत धडधडायला लागलं की हे आठवायचं आणि कूस बदलून झोपायचं. वकीलबाईंनी चौकीत फोन केलाय. तिथले साहेब नीट बोलले, म्हणाले काकांना त्रास नको, आम्ही माणूस पाठवतो. शनिवारी अकराला येतील. वकीलबाई असतील, मी असेन.

तोपर्यंतची कामं. बाबा, एक कागद घ्या आणि त्या सकाळचं क्रमाने लिहून काढा, मला शिकवलंत तसं. गाडी कुठे लावली, इंजिन बंद होतं का, दार किती उघडलं होतं, सायकल दाराला लागली की दार चुकवताना तो पडला, आधी कोण काय बोललं. "उद्धट", "माजलेला" असले शब्द नकोत, फक्त घडलं ते. आठवत नसेल तिथे "आठवत नाही" असंच लिहा, अंदाजाने काही भरू नका. शनिवारी त्यातूनच बोलायचं, विचारलं तेवढंच. हवालदार लिहून घेतील ते आधी पूर्ण वाचायचं, सही त्यानंतर, आणि कोऱ्या जागेखाली तर मुळीच नाही. हे तुम्हाला सांगायला नको, पण सांगते.

खालच्या काकांना म्हणा, ओळख काढू नका. त्यांची ओळख आपल्याला भुसावळला किती कामाला आली ते ठाऊक आहे. सोसायटीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आलाय, त्याखाली काही लिहायचं नाही, अंगठासुद्धा नाही. आई, तू कुणालाही फॉरवर्ड करू नकोस, मावशीला तर नकोच, तिच्याकडून तो दुबईपर्यंत जाईल.

त्या मुलाला किंवा त्याच्या घरच्यांना तुम्ही स्वतः फोन करायचा नाही. चांगल्या मनाने केलात तरी नाही, दबाव आणला म्हणायला वेळ लागत नाही.

लायसन्स बघून ठेवा, मुदत कधी संपते ते. पंचावन्नच्या पुढे पाचपाच वर्षांचंच मिळतं, तुमचं मागचं रिन्यू कधी झालं मला आठवत नाहीये. इन्शुरन्सचा कागद डॅशबोर्डच्या खणात आहे की कपाटात, तेही.

गाडी तुमचीच आहे, चावी तुमच्याच खुंटीवर राहणार, त्यावर मी काही बोलत नाहीये. फक्त शनिवारपर्यंत पहाटेचं सोमेश्वरला गाडीने नको. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या दादांशी मी बोललेय, साडेपाचला गेटवर येतील, सातला परत आणतील, पैसे मी महिन्याचे टाकलेत, तुम्ही द्यायला जाऊ नका, ते घेणार नाहीत. तुमच्या ग्रुपमधल्यांनी विचारलं तर सांगा गाडी सर्व्हिसिंगला दिलीय.

आणि एक छोटी गोष्ट. गाडी रस्त्याकडेला लावली की उजवं दार उजव्या हाताने उघडायचं नाही, डाव्या हाताने उघडायचं. करून बघा आत्ता खुर्चीवर बसून, डावा हात उजव्या बाजूच्या कडीपर्यंत नेला की खांदा वळतो, खांद्याबरोबर मान वळते आणि मागून येणारा दिसतो. नेदरलँड्समध्ये सायकली खूप, तिकडे म्हणे गाडी शिकतानाच हे शिकवतात. मी आठवडाभर करतेय, पहिले दोन दिवस विचित्र वाटतं, मग सवय होते.

डोळ्यांचं मी आता लिहिणार नव्हते. त्या सकाळशी त्याचा काही संबंध आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकू दे, मग बघू, असं तुम्ही गेल्या दिवाळीपासून म्हणताय, आणि हल्ली पिकण्याची वाट बघत नाहीत. मी सोमवारची वेळ घेतलीय, फक्त तपासायला. शनिवार-रविवार मी आहेच, सोमवारी तुम्हाला दाखवून रात्रीच्या गाडीने निघेन. नाही म्हणायचं असेल तर मला समोर म्हणा, फोनवर नाही.

बीपीची गोळी सकाळचीच, नाश्त्यानंतर. "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. आई, बाबांनी घेतली का हे विचारत बसू नकोस, रिकामं पाकीट बघ. आणि तुझं गुडघ्याचं तेल संपलं असेल, येताना आणते, तू जिना उतरून मेडिकलमध्ये जाऊ नकोस.

दादाला मी सगळं सांगितलंय, तो लगेच तिकीट काढायला निघाला होता, मी थांबवलं. एवढं काही झालेलं नाही. बाबा, खरंच एवढं काही झालेलं नाही. एक चाक वाकलंय आणि एका पोराचं कोपर सोललंय, त्याची आई त्याला घरी बोललीच असेल.

सेवाग्रामचं तिकीट कन्फर्म आहे, शनिवारी सकाळी नाशिकरोडला उतरेन. घ्यायला यायचं नाही, कुणीही नाही, मी रिक्षाने येते. पोळ्यांचा घाट नको, पिठलं-भात चालेल. हवालदार येतील त्यांच्यासाठी आई तू चहाबरोबर चिवडा-लाडू मांडशील, मला माहितीय. चहा ठेव. लाडू नको.

तुमची,
छकुली

ता. क. चाकाचं बिल किती आलं ते विचारू नका, सांगणार नाही.