ध्वनिमुद्रणाचे वर्षही छापावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाश्चात्त्य अभिजात संगीतावरील आपले सदर मी आवर्जून वाचतो. त्यात ज्येष्ठ पियानोवादकांनी उतारवयात केलेल्या ध्वनिमुद्रणांचा विषय निघाला, की ‘या वयातही’ म्हणून कौतुक तरी होते, नाही तर बोटांतली चपळाई ओसरल्याची हळहळ तरी. वादनाविषयी फारसे हाती लागत नाही आणि ते कोणत्या वर्षीचे आहे, हेही बरेचदा कळत नाही.

पियानोवादक व्लादिमिर होरोविट्झ यांचे अखेरचे ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कमधील त्यांच्या राहत्या घरी १ नोव्हेंबर १९८९ रोजी पुरे झाले आणि ५ नोव्हेंबरला, वयाच्या ८६ व्या वर्षी, ते गेले. या योगायोगामुळे त्या तबकडीला निरोपाचे वलय लाभले. पण त्यांनी पूर्वी मुद्रित न केलेल्या हायडन, शोपँ, लिस्ट यांच्या रचना तिच्यासाठी निवडल्या, हे मला अधिक मोलाचे वाटते. निरोपच घ्यायचा असता, तर ते आपल्या हुकमी रचनांकडे वळले असते. शोपँच्या ऑपस २५ या रचनासंचातील पहिल्या एट्यूडमध्ये (अभ्यासरचनेमध्ये) सुरावट मुख्यतः उजव्या करंगळीवर तोललेली असते आणि तिच्याखाली दोन्ही हातांच्या सुरांची लाट अखंड वाहत असते. होरोविट्झ ही लाट इतकी हलकी ठेवतात की करंगळीचा सूर जोर न लावता वर येतो. मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोचवण्यासाठी जी ताकद खर्ची पडते, ती इथे लागत नाही. थकलेल्या हातांना ध्वनिमुद्रणात मिळणारी सवलत ती हीच, आणि ती घेण्यात कमीपणा कसला?

चुकलेली जागा पुन्हा वाजवून जोडता येते, म्हणून अशा वादनावर अविश्वास दाखवला जातो. जोडकाम तरुणांच्या ध्वनिमुद्रणांतही होते. शिवाय त्याने चुकीचा सूर बदलेल. सुरावट कुठे श्वास घेईल, हे मात्र वादकच ठरवतो.

उणिवा असतात आणि त्या झाकू नयेत. १९७६ मध्ये ८९ वर्षांच्या आर्थर रुबिनस्टाइन यांनी संगीतसंचालक झुबिन मेहता व इस्रायल फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद यांच्यासह ब्राम्सचा पहिला पियानो कन्चेर्टो (पियानो व वाद्यवृंदासाठीची रचना) मुद्रित केला, तेव्हा त्यांची नजर बरीच अधू झाली होती. झपाट्याच्या जागी सावधपणा जाणवतो. संथ दुसऱ्या भागात मात्र प्रत्येक सुराला पुरेसा अवकाश मिळाला आहे.

वर्षाचा आग्रह मी धरतो तो क्लाउदिओ आराऊ यांच्यासारख्यांमुळे. बीथोवनच्या सोनाटा (अनेक भागांच्या पियानोरचना) त्यांनी फिलिप्स या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी १९६० च्या दशकात मुद्रित केल्या आणि १९८० च्या दशकात त्या पुन्हा हाती घेतल्या. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा या दुसऱ्या संचात ‘मूनलाइट’ आणि ‘हामरक्लाविअर’ या दोन सोनाटा राहून गेल्या होत्या. दोन्ही संचांवर नाव तेच, कंपनी तीच. ऑनलाइन ऐकताना अनेकदा फक्त पुनःप्रकाशनाचे वर्ष दिसते, त्यामुळे साठीतले आराऊ कोणते आणि ऐंशी ओलांडलेले कोणते, याचा पत्ता नवख्या श्रोत्याला लागत नाही, आणि दोन्हींतला फरक ऐकण्याचा आनंदही हुकतो.

आपल्या सदरातील प्रत्येक परीक्षणाखाली ध्वनिमुद्रणाचे वर्ष, स्थळ आणि वादकाचे त्या वेळचे वय एवढी एक ओळ छापावी, तसेच त्याच वादकाचे जुने ध्वनिमुद्रण उपलब्ध असल्यास परीक्षकांनी दोन्ही शेजारी ठेवून लिहावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक